मृत्यू हा शत्रूच: ख्रिस्ती श्रद्धेतील मरणविचार

समज आणि प्रतिपादन

ख्रिस्ती माणूस मरणाला भीत नाही, कारण मेल्यावर आपण स्वर्गात जाणार याची त्याला खात्री असते, ही समजूत श्रद्धाळूंमध्ये आहे तशी नास्तिकांतही आहे. श्रद्धाळू तिला श्रद्धेची थोरवी म्हणतात, नास्तिक तिला गुंगीचे औषध म्हणतात. गृहीत मात्र दोघांचे एकच. श्रद्धेने मरणाची धार बोथट होते, यापलीकडे दोघांनाही काही दिसत नाही. हे गृहीत ख्रिस्ती धर्मग्रंथाशी जुळत नाही, अंत्यविधीशी जुळत नाही आणि ख्रिस्ती घरांत माणसे प्रत्यक्षात कशी मरतात व मागे राहिलेली कशी रडतात, याच्याशी तर मुळीच जुळत नाही.

ख्रिस्ती श्रद्धा मृत्यूला सौम्य करत नाही. ती त्याला शत्रू ठरवते आणि मग त्याची जागा बदलते. हा बदल तीन टप्प्यांत होतो. मरण आयुष्याच्या शेवटाकडून आरंभी, बाप्तिस्म्यापाशी आणले जाते. आशा आत्म्याच्या सुटकेवर न ठेवता देहाच्या पुनरुत्थानावर ठेवली जाते. आणि मरण एकट्याचे न राहता मंडळीचे होते. दिलासा या सगळ्याच्या ओघात मिळाला तर मिळतो. श्रद्धेची मांडणी त्याच्यासाठी झालेली नाही.

लंडनच्या वायव्येकडील वेम्बली हा भाग या विचाराची तपासणी करायला सोयीचा आहे. भारतीय वाचकाला तो फुटबॉलच्या मैदानामुळे आणि ईलिंग रोडवरच्या साड्या-सोन्याच्या दुकानांमुळे माहीत असतो. पण ज्या ब्रेंट विभागात तो येतो, तिथे २०२१ च्या जनगणनेत सर्वांत मोठा धर्मगट ख्रिस्तींचाच होता. त्यात आयरिश, कॅरिबियन, आफ्रिकी आहेत तसे गोवेकरही आहेत: काही पूर्व आफ्रिकेतून आलेल्या पिढीचे, काही अलीकडे पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले. वेम्बलीच्या मैदानाने ख्रिस्ती मरणविचाराचे दोन अतिशय सार्वजनिक प्रसंगही पाहिले आहेत.

मैदानावरचे मरणस्तोत्र

२३ एप्रिल १९२७ रोजी वेम्बलीत एफ.ए. कपचा अंतिम सामना झाला. कार्डिफ सिटीने आर्सेनलला १-० असे हरवले. त्या सामन्याआधी पंचम जॉर्जच्या उपस्थितीत हजारो प्रेक्षकांनी ‘अबाइड विथ मी’ हे स्तोत्र म्हटले, आणि तेव्हापासून ते कपच्या अंतिम सामन्याचा भाग होऊन बसले. जुने मैदान २००३ मध्ये पाडले गेले, नवे २००७ मध्ये उभे राहिले, तरी स्तोत्र राहिले. खेळाच्या उत्सवात हे गाणे का, असा प्रश्न पडावा इतके ते विसंगत आहे, कारण ते सरळसरळ मरणाऱ्या माणसाची प्रार्थना आहे. रचनाकार हेन्री फ्रान्सिस लाइट हे डेव्हनमधील ब्रिक्सहॅम या मच्छीमार गावाचे धर्मगुरू. क्षयाने पोखरलेले लाइट १८४७ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या मंडळीचा निरोप घेऊन निघाले आणि २० नोव्हेंबरला नीस शहरात वारले. आज गायली जाणारी चाल विल्यम हेन्री मंक यांची, १८६१ ची.

या स्तोत्राची मूळ कल्पना लूकच्या शुभवर्तमानातून आली आहे. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य एका अनोळखी सोबत्याला, दिवस कलला आहे तर आमच्याकडेच थांब, असा आग्रह करतात, तो प्रसंग. लाइट यांनी ती विनवणी मरणाऱ्याच्या तोंडी घातली. तिच्यात अंधार नाकारलेला नाही, तो लवकर सरावा अशी घाईही नाही. अंधार येणारच आहे, तेव्हा कोणी सोबत असावे, एवढीच मागणी आहे. पहिले महायुद्ध संपून नऊ वर्षेही झाली नव्हती, अशा काळात घराघरांतून मुलगा किंवा भाऊ गमावलेल्या गर्दीला ही मागणी नेमकी कळली असणार. गांधीजींनाही हे स्तोत्र प्रिय होते, आणि दिल्लीच्या ‘बीटिंग रिट्रीट’ समारंभात ते २०२१ पर्यंत वाजत राहिले. गुंगी हवी असलेल्यांनी निवडावे असे हे गाणे नव्हे.

शत्रू कशासाठी म्हणायचे?

पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात मृत्यूची गणना शत्रूंत केली आहे, आणि तीही सर्वांत शेवटी नष्ट व्हायच्या शत्रूची. शेवटी याचा अर्थ अजून नाही. विजय जाहीर झालेला आहे, लढाई मात्र संपलेली नाही, अशा मधल्या काळात ख्रिस्ती माणूस जगतो. शुभवर्तमानांतील येशूचे वागणे याच्याशी सुसंगत आहे. मित्र लाजर याच्या कबरीपाशी तो रडतो, आणि रडतो ते त्याला आता उठवायचे आहे हे ठाऊक असताना. गेथशेमाने बागेत तो व्याकूळ होऊन मरण टळावे अशी प्रार्थना करतो. मार्कच्या वृत्तान्तात तो क्रूसावर, देवाने आपल्याला सोडून दिले, असा आकांत करून मरतो.

स्वित्झर्लंडमध्ये अध्यापन करणारे नव्या कराराचे अभ्यासक ऑस्कर कुलमान यांनी १९५५ च्या हार्वर्डमधील व्याख्यानात हे मरण सॉक्रेटिसच्या मरणाशेजारी ठेवले. सॉक्रेटिस विषाचा पेला शांतपणे पितो, कारण त्याच्या मते देह हा तुरुंग आणि मरण ही सुटका. येशू थरथरतो, कारण त्याच्या लेखी देह देवाने निर्माण केलेला आहे आणि त्याचा नाश हा निर्मितीचाच नाश आहे. आत्म्याचे अमरत्व आणि मृतांचे पुनरुत्थान या दोन वेगळ्या, एकमेकींना छेद देणाऱ्या कल्पना आहेत, असा कुलमान यांचा निष्कर्ष होता. त्या विधानावर ख्रिस्ती वाचकच सर्वाधिक रागावले. साहजिक आहे, चर्चमध्ये बसणारे कित्येकजण मरणाविषयी बोलताना प्लेटोच्याच भाषेत बोलतात. मराठी ख्रिस्ती माणसाच्या बाबतीत तर गीतेतील अविनाशी आत्म्याचा संस्कारही आजूबाजूच्या हवेतून आलेला असतो. तरीही दर रविवारी म्हटल्या जाणाऱ्या विश्वासांगीकारात आत्म्याच्या अमरत्वाचे कलम नाही; तिथे मृतांच्या, देहाच्या पुनरुत्थानाचे आहे. सामान्य श्रद्धाळूची बोली आणि त्याच्याच धर्माचे विधान यांत ही फट आहे, आणि ‘स्वर्गाची खात्री म्हणून भय नाही’ हा समज त्या फटीतूनच वाढला आहे.

१. मरण आरंभी आणणे

२९ मे १९८२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी वेम्बलीच्या मैदानावर मिस्सा अर्पण केला. सुमारे ८०,००० लोक जमले होते. पदावर असताना ब्रिटनला आलेले ते पहिले पोप. फॉकलंडचे युद्ध चालू असल्याने भेट रद्द होते की काय, अशी स्थिती होती, आणि वर्षभरापूर्वीच, मे १९८१ मध्ये, त्यांच्यावर व्हॅटिकनमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. त्या दौऱ्यात एकेका ठिकाणी एकेका संस्काराला मध्यवर्ती स्थान दिले होते. आदल्या दिवशी सदर्कच्या कॅथीड्रलमध्ये रुग्णांना तैलाभ्यंग झाला. वेम्बलीला बाप्तिस्म्याच्या वचनांचे नूतनीकरण. जमावाने उभे राहून पापाचा त्याग आणि विश्वासाचा स्वीकार पुन्हा उच्चारला.

बाप्तिस्मा म्हणजे बाळाचे नाव ठेवण्याचा समारंभ, असे बाहेरून वाटते. पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात वेगळेच सांगतो: बाप्तिस्मा घेणारा ख्रिस्ताच्या मरणात बुडवला जातो, त्याच्यासोबत पुरला जातो आणि नव्या जीवनासाठी उठतो. म्हणजे ख्रिस्ती माणसाचे पहिले मरण पाण्यात होते, तेही बहुधा पाळण्यात असताना. पुढे हृदय थांबते तेव्हा याच मरणाची पूर्तता होते. कॅथलिक अंत्यविधीचा क्रम हे डोळ्यांना दाखवतो. शवपेटीवर आशीर्वादित पाणी शिंपडतात, ते बाप्तिस्म्याची आठवण म्हणून. पेटीवर पांढरे वस्त्र पसरतात, कारण बाप्तिस्म्याच्या वेळी पांढरे वस्त्र दिलेले असते. जवळ पास्काची मोठी मेणबत्ती पेटते. बाळाच्या नावाची मेणबत्ती तिच्यावरच पेटवलेली असते. अंत्यविधीत नवे चिन्ह जवळजवळ नाहीच.

मरण आधीच घडून गेले असेल तर उरलेले आयुष्य त्याच्यापासून पळण्यात घालवण्याची गरज राहत नाही. भीती त्यामुळे जाते असे नव्हे. भीतीला निर्णय घेण्याचा अधिकार राहत नाही. पंडिता रमाबाईंचे अखेरचे वर्ष याचे उदाहरण म्हणून पाहता येते. वारस म्हणून तयार केलेली मुलगी मनोरमा १९२१ मध्ये वारली, रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. मधल्या महिन्यांत केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी तडीस नेले. एकुलत्या एका मुलीचे मरण त्यांना सोपे गेले असेल असे कोणी म्हणणार नाही.

२. देहाची आशा, आणि राखेचा प्रश्न

पुनरुत्थान देहाचे असेल तर मृतदेहाचे काय करायचे, हा प्रश्न गौण राहत नाही. म्हणूनच ख्रिस्ती जगात दफनाची रीत रूढ झाली आणि दहनाला दीर्घकाळ विरोध राहिला. इंग्लंडमध्ये आधुनिक दहनाची सुरुवात २६ मार्च १८८५ रोजी वोकिंग येथे झाली. लगेच पुढच्या वर्षी रोमने कॅथलिकांना दहनाची मनाई केली. युरोपातले दहनाचे अनेक पुरस्कर्ते तेव्हा पुनरुत्थानावरील विश्वासाचा उपहास म्हणून ते सुचवत होते, ही त्यामागची पार्श्वभूमी. ब्रिटनमध्ये १९०२ मध्ये दहनाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी वेम्बलीपासून फार दूर नसलेल्या गोल्डर्स ग्रीनची दहनभूमी सुरू झाली. आज ब्रिटनमध्ये दर पाचांपैकी सुमारे चार मृतांचे दहन होते, आणि त्यांत प्रोटेस्टंट ख्रिस्ती मोठ्या संख्येने असतात. रोमने १९६३ मध्ये मनाई उठवली. २०१६ च्या सूचनेत अटी स्पष्ट झाल्या: राख उधळायची नाही, घरच्यांत वाटायची नाही, पवित्र स्थळी जतन करायची. २०२३ च्या खुलाशाने आप्तांना राखेचा अल्प भाग महत्त्वाच्या ठिकाणी ठेवण्याची मुभा मिळू शकते, एवढी सवलत दिली.

हे नियम परदेशस्थ कुटुंबांना प्रत्यक्षात भिडतात. वेम्बलीत वारलेल्या गोवेकराला आल्पर्टनच्या किंवा ब्रेंट नगरपालिकेच्याच कार्पेंडर्स पार्क येथील दफनभूमीत पुरायचे, खर्च सोसून शव विमानाने गोव्याला न्यायचे, की दहन करून राखेचा कलश गावच्या चर्चच्या दफनभूमीत ठेवायचा, असा पेच उभा राहतो. तिसरा मार्ग १९६३ पूर्वी बंद होता. ब्रिटनमधील नगरपालिकांच्या दफनभूमीत कबरीचा हक्क ठरावीक मुदतीचा असतो, आणि एकदा पुरलेले अवशेष हलवायला परवाना लागतो. मुंबई आणि गोव्यातील अनेक चर्चमध्ये मात्र जागेअभावी काही वर्षांनी कबर पुन्हा उघडतात आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. इंग्रजांना हे विचित्र वाटते. धर्मशास्त्राच्या दृष्टीने गोव्याची रीत अधिक मोकळी आहे: देहाची आशा सांगाडा शाबूत राहण्यावर टांगलेली नाही, हे ती मान्य करून चालते.

हा मुद्दा ऑगस्टीनने सोळाशे वर्षांपूर्वीच मिटवला होता. नोलाचा बिशप पॉलिनस याला उत्तर म्हणून त्याने मृतांची काळजी कशी घ्यावी यावर एक छोटा ग्रंथ लिहिला. दफनाचा थाटमाट मृताला उपयोगी पडत नाही, तो जिवंतांचे सांत्वन करतो. तरी देहाला मान द्यायचाच, कारण तो पवित्र आत्म्याचे साधन होता, असा त्याचा दुहेरी निवाडा आहे. महाराष्ट्रात या निवाड्याची धिटाईने परीक्षा घेतली ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले आणि त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहाचे दहन झाले. त्या काळच्या ख्रिस्ती समाजाला हे धक्कादायक होते. पण ख्रिस्ताचा शिष्य होण्यासाठी इंग्रजांच्या चालीने पुरून घ्यायची गरज नाही, हे टिळकांचे आयुष्यभराचे म्हणणे मरणातही सुसंगत राहिले. पुनरुत्थान करणारा देव असेल तर माती आणि राख यांत त्याला काय अडचण?

३. मरण मंडळीचे

मेलेल्यासाठी जिवंतांनी प्रार्थना करावी का, यावरून ख्रिस्ती जग दुभंगलेले आहे. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये शुद्धीस्थानाची शिकवण पक्की केली. इंग्लंडच्या चर्चने आपल्या बाविसाव्या कलमात ती फेटाळली. या दुभंगाचे दोन्ही काठ मराठी मुलखात आहेत. गोवा आणि वसईच्या कॅथलिक घरांत सातव्या दिवसाचा, महिन्याचा, वर्षाचा मिस्सा सांगतात, आणि २ नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या लागतात. १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे मांडलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत असे काही नाही. तिथे उपकारस्तुती असते, मृताच्या वतीने याचना नसते. वेम्बलीत दोन्ही प्रकारची कुटुंबे शेजारी राहतात आणि एकमेकांच्या अंत्यविधीला जातात.

मतभेद खरा आहे, पण दोघांनाही मान्य असलेली गोष्ट त्याहून मोठी: मेलेला माणूस मंडळीतून वजा होत नाही. विश्वासांगीकारातले संतांच्या सहभागितेचे कलम दोन्हीकडे म्हटले जाते. त्यामुळे मरण हा खासगी व्यवहार होऊ शकत नाही, आणि एकट्याने मरावे लागणे किंवा एकट्याने पुरले जाणे हा श्रद्धेवरच घाव ठरतो.

२०२० च्या वसंतात हे कडू रीतीने सिद्ध झाले. मार्चमध्ये वेम्बलीजवळच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाला अतिदक्षता विभागात जागा उरली नाही म्हणून आणीबाणीची स्थिती जाहीर करावी लागली. १ मार्च ते १७ एप्रिल या काळात ब्रेंटमध्ये कोविडचा वयोमान-समायोजित मृत्युदर लाखामागे सुमारे १४१ होता, इंग्लंड-वेल्सचा सुमारे ३६. त्याहून वाईट स्थिती फक्त लंडनच्याच न्यूहॅम विभागाची होती. चर्च बंद होती. अंत्यविधी कबरीपाशी किंवा दहनभूमीत मोजक्या आप्तांत उरकायचे, मिस्सा संगणकाच्या पडद्यावर पाहायचा. श्रद्धा म्हणजे नुसती स्वर्गाची खात्री असती तर यात बिघडण्यासारखे काही नव्हते. मृत तर पोहोचलाच असता. तरी सगळ्यांत जास्त सलली ती उरकाउरकी.

आक्षेप

पहिला आक्षेप लुडविग फॉयरबाख यांचा. १८३० मधील त्यांच्या ग्रंथाचा रोख असा की अमरत्वाची कल्पना ही माणसाच्या आत्मप्रेमाची फुगवलेली इच्छा आहे. आक्षेप वजनदार आहे, आणि ‘आई वरून बघते आहे’ या धर्तीच्या बोलण्याला तो नेमका लागू पडतो. पण ख्रिस्ती मांडणीत मरणानंतर न्याय आहे. इच्छेने रचलेल्या चित्रात स्वतःची झाडाझडती कोण घालून घेईल? याला प्रत्युत्तर आहे, आणि ते टाळता येत नाही: न्यायाची व नरकाची भीती चर्चने शतकानुशतके लोकांना धाकात ठेवण्यासाठी वापरली. ते खरे आहे. मात्र मग श्रद्धा ही गोड गुंगी आहे आणि धाकाचे शस्त्रही आहे, हे दोन्ही आरोप एकाच वेळी करताना टीकाकारालाही निवड करावी लागते.

दुसरा आक्षेप प्रत्यक्ष वर्तनावरून येतो. अमेरिकेतील बळावलेल्या कर्करोगाच्या ३४५ रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. धर्माच्या आधाराने आजाराला तोंड देणाऱ्यांनी शेवटच्या आठवड्यात आयुष्य लांबवणारे तीव्र उपचार इतरांच्या सुमारे तिप्पट प्रमाणात घेतले होते. स्वर्गावर विश्वास असूनही व्हेंटिलेटर सोडवत नाही, यात ढोंग शोधता येते. पण मृत्यू शत्रू आहे असे शिकलेल्या माणसाने झुंज देणे हे त्याच्या शिकवणुकीला धरूनच आहे. खरा दोष वेगळा आहे: शत्रूशी लढणे आणि पराभव पुढे ढकलत राहणे यांतला फरक मंडळ्या आपल्या लोकांना क्वचितच शिकवतात. रोगी शेवटच्या टप्प्यात गेला की चमत्काराची प्रार्थना जोरात आणि निरोपाची प्रार्थना हळू, असे व्हायला लागते.

तिसरा आक्षेप परलोकवादाचा: डोळे स्वर्गाकडे लागले की इथल्या वेदनेकडे दुर्लक्ष होते. याचे उत्तर मरणासन्न रोग्यांची सेवा करणाऱ्या आधुनिक हॉस्पिसच्या इतिहासात आहे. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये दक्षिण लंडनच्या सिडनहॅम येथे सेंट क्रिस्टोफर्स सुरू केले. नर्स, वैद्यकीय समाजसेविका आणि मग डॉक्टर झालेल्या या बाईंची ख्रिस्ती श्रद्धा त्यांच्या कामाचा पाया होती. मरणाऱ्याच्या देहाची वेदना, मनाची, नात्यांची आणि आत्म्याची वेदना एकत्र पाहायची, आणि वेदनाशामक औषध वेदना उसळण्याआधी नियमित द्यायचे, हे त्यांनी रुजवले. देह तुरुंग आहे असे मानणाऱ्याला मॉर्फिनच्या वेळापत्रकाची एवढी चिकाटी कशाला लागली असती? वेम्बली परिसराची सेवा केंटन येथील सेंट ल्यूक्स हॉस्पिस करते. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, डॉ. लुईस डिसोझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला सुरू केले आणि पुढे त्याची शाखा गोव्यातही निघाली.

चौथा आक्षेप सर्वांत ताजा आहे, आणि तो ख्रिस्ती लोकांमधूनच येतो. शत्रूच्या हाती यातना भोगत राहण्यापेक्षा मरणाची वेळ आपण निवडली तर काय बिघडले? असाध्य रोग्यांना साहाय्यित मृत्यूचा हक्क देणारे किम लेडबीटर यांचे विधेयक ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहात २९ नोव्हेंबर २०२४ रोजी ३३० विरुद्ध २७५ आणि २० जून २०२५ रोजी तिसऱ्या वाचनात ३१४ विरुद्ध २९१ मतांनी संमत झाले. कार्डिनल व्हिन्सेंट निकल्स आणि कँटरबरीचे तत्कालीन आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी विरोध केला. त्याच पदावर पूर्वी असलेले लॉर्ड केरी मात्र २०१४ पासून अशा कायद्याच्या बाजूने आहेत, आणि तेही करुणेच्या ख्रिस्ती आधारावरच.

वर मांडलेल्या तीन बदलांवर हा वाद तपासला तर विरोधकांची बाजू अधिक सुसंगत ठरते, पण वाटते तितक्या सहज नाही. देह देवाचा आहे या तत्त्वावरून मरण ओढवून घेऊ नये असे निघते; ते कृत्रिमरीत्या लांबवत राहावे असे निघत नाही, आणि कॅथलिक शिकवणही अवाजवी उपचार नाकारण्याची मुभा देते. मरण मंडळीचे आहे या तत्त्वावरून आणखी एक गोष्ट निघते, जिचा विरोधकांच्या भाषणांत कमी उल्लेख होतो. आपले ओझे इतरांवर पडते म्हणून मरू इच्छिणाऱ्याला नाही म्हणण्याचा अधिकार ते ओझे उचलणाऱ्यांनाच पोहोचतो. ब्रिटनमधील हॉस्पिसना सरकारी निधी अपुरा पडतो आणि खर्चाचा मोठा भाग देणग्या, पैशासाठीच्या धावण्याच्या शर्यती आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांतून उभा राहतो. केंटनच्या हॉस्पिसचीही गोष्ट वेगळी नाही.